नागेशकाकांनी काढलेली कव्हरं

बाड हॉम्बुर्ग, ९ फेब्रुवारी २०२५

चि. दीना,

ताईचे आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, पण पत्र पुढे वाच.

फोन तू उचलत नाहीस आणि माझी ईमेल न उघडता पुसतोस, याची मला खात्री आहे. कागद मात्र तू फेकणार नाहीस. शाळेत असताना मिठाईच्या खोक्यावरचं लेबलसुद्धा पाण्यात भिजवून अलगद सोडवणारा तू. म्हणून काल तिकिटांसाठी पोस्टात रांगेत उभी राहिले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "भारतात? साधं पत्र? अजून लिहितं कुणी?" म्हटलं, ज्यांचे भाऊ हट्टी असतात ते लिहितात.

अकरा वर्षांत तुझं काय बिनसलं ते मी विचारत नाही. आपण दोघंही आईवर गेलोय, एवढं बोलून तो विषय मिटवते. कामाचं सांगते.

अनुष्का पंचवीसची झाली. ऑफेनबाखला डिझाइन शिकते. यंदा तिची आबश्लुसआर्बाइट आहे. म्हणजे प्रबंध लिहायचा, त्याच विषयावर जुलैत प्रदर्शन मांडायचं आणि मग पदवी. विषय काय निवडलाय, ऐक: ब्रिटिश पेपरबॅकची मुखपृष्ठं, १९३५ पासून आजपर्यंत. मी सुचवलेलं नाही. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई गं, पोटापाण्याचं काहीतरी घे.

परवा जेवताना ती आम्हाला समजावत होती. पेंग्विनच्या पहिल्या पुस्तकांवर चित्रच नव्हतं, तीन आडवे पट्टे, मधला पांढरा, बाकीचे दोन रंगीत. नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवा म्हणजे रहस्यकथा, निळा म्हणजे चरित्र. देवदत्त मान डोलवत आमटी ओरपत होते. मी म्हटलं, "रंगावरून पुस्तक ओळखायची युक्ती त्यांच्याही आधी हाम्बुर्गच्या एका प्रकाशनाने केली होती." पोरीचा चमचा हातातच राहिला. आईला पोळ्यांपलीकडे काही येतं हे तिला नवीनच होतं. मला ते तुझ्यामुळे येतं. ब्रिटिश कौन्सिलच्या लायब्ररीत वाचून यायचास आणि मी कणीक मळत असताना माझं डोकं खायचास. "ताई, पुस्तकाचं नाव वाचू नकोस, पट्टा बघ."

तिला मामा पुस्तकांची कव्हरं डिझाइन करतो हे माहीत आहे, आणि त्याने कॉलेजात असताना रविवारी जुन्या बाजारात जाऊन एकेक करून एकशे त्रेचाळीस इंग्लिश पेपरबॅक जमवले होते हेही. पुण्याच्या एका मुलाने ती कव्हरं बघून मराठी पुस्तकांची कव्हरं कशी बदलली, यावर तिला एक प्रकरण करायचंय. तू तिला लिही. तुझा पत्ता मी तिला दिलाय.

आणखी एक. बाईंडरने तुझ्या सगळ्या पुस्तकांची कव्हरं फाडून टाकली, तो किस्सा तिला ठाऊक आहे. मी तिला लहानपणापासून सांगत आलेय, ती दर वेळी हसते. त्यात तू भर घालू नकोस. नागेशकाका आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं?

तुझी ताई


बाड हॉम्बुर्ग, १६ मार्च

चि. दीना,

भाचीला नऊ पानं लिहिलीस. मला नऊ शब्द नाहीत. असू दे, तिला दिलंस ते मलाच पोचलं.

पण मुद्दाम मराठीत लिहिलंस ना? तिला मराठी बोललेलं सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि देवनागरी म्हणजे दुकानाची पाटी वाचण्यापुरती. तुला हे पक्कं माहीत होतं. म्हणजे ती नऊ पानं मलाच मोठ्याने वाचून दाखवावी लागणार. लबाड आहेस.

रविवारी नाश्त्याला वाचली. काय सुरेख लिहिलंयस रे! जर्मनीत जन्मलेला एक माणूस युद्धानंतर लंडनला गेला आणि दोन-तीन वर्षं नुसता अक्षरांमधल्या मोकळ्या जागा मोजत बसला, त्याने चित्र नाही बदललं, पट्टे नाही काढले, पण नंतरचं प्रत्येक पुस्तक इस्त्री केल्यासारखं दिसायला लागलं. हे ऐकून देवदत्त म्हणाले, "जर्मनच तो." साठच्या दशकाच्या सुरुवातीला हिरव्या रहस्यकथांना आखणी आली, वर रेघांमध्ये नाव आणि खालची मोठी जागा चित्राला. मग चित्राने हातपाय पसरले. आधी फोटो, मग पिस्तूल, मग बाई, मग बाईच्या अंगावरचे कपडे कमी. ऐंशीच्या दशकात हाताला लागणारी सोनेरी अक्षरं, विमानतळावर घाईतल्या माणसाला लांबून दिसावीत म्हणून. आणि आता पुस्तक फोनवर नखाएवढं दिसतं, म्हणून अक्षरं मोठी, रंग भडक, चित्र पुन्हा जवळपास गायब. अनुष्का दर वाक्याला "गेनाऊ! गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, करत लिहून घेत होती. तुझ्या तोंडची भाषा इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघत होती आणि मला मधेच पाणी प्यायला उठावं लागलं.

सातव्या पानावर खाली तू लिहिलंयस: "बाईंडरची हकिकत मला विचारू नकोस. ती आईकडून घे, आणि तिला म्हणावं, नीट आठवून सांग."

ती ओळ मी वाचली नाही. पान उलटलं आणि पुढे गेले. आवाजही बदलला नाही माझा. सांगायचं एवढ्याचसाठी की तुझा बाण लागला. आता पुरे कर.

ताई


बाड हॉम्बुर्ग, ६ एप्रिल

दीना,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. मला वाटलं होतं पान उलटलं की संपलं. अनुष्काने तुझी नऊ पानं फोनकडून भाषांतर करून घेतली. काल विचारते, "आई, सातव्या पानावर मामाने काहीतरी तुझ्यासाठी लिहिलंय. तू वाचलं नाहीस." रागावली नव्हती, तिला वाटलं नजरचूक झाली.

आणि मी काय केलं? तीच गोष्ट पुन्हा सांगितली. साठ वर्षांची बाई, स्वतःच्या मुलीसमोर, चहा ओतत. दीना आठ दिवस कॉलेजच्या सहलीला अजिंठ्याला गेला होता, पुस्तकांची पानं सुटत होती म्हणून मी हौसेने बांधायला दिली, बाईंडरला अक्कल नव्हती, त्याने कव्हरं फाडली. तेच शब्द, त्याच जागी हसू.

आज सकाळी तिने प्रदर्शनात भिंतीवर लावायचा मजकूर मला वाचायला दिला. जर्मनमध्ये आहे, मी तुला मराठीत सांगते. "पुण्यातल्या नागेश नावाच्या बाईंडरला मुखपृष्ठ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्याने एकशे त्रेचाळीस मुखपृष्ठं कचरा समजून काढून टाकली. युरोपात जी कला होती ती तिथे नुसतं वेष्टण होती." तिच्या प्रोफेसरबाईंना हा परिच्छेद फार आवडलाय म्हणे. मोठ्या अक्षरात लावणार आहेत, दाराजवळ.

नागेशकाकांना कागदातले धागे उभे आहेत की आडवे हे डोळे मिटून बोटाने कळायचं. त्यांना अडाणी म्हणून जर्मनीत भिंतीवर लावणार, नावासकट. आणि वडाची साल पिंपळाला लावणारी मी शेजारी उभी राहून फोटो काढून घेणार.

आता लिहिते. तू २०१४ मध्ये फोनवर मला एकच प्रश्न विचारला होतास, "ताई, नागेशकाकांनी तुला विचारलं होतं का?" काका नुकतेच गेले होते आणि त्यांच्या मुलीने, संपदाने तुला काहीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, "मला नाही आठवत." तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. तुझं काय बिनसलं ते मला तेव्हापासून माहीत आहे.

त्यांनी विचारलं होतं.

मला बघायला देवदत्तकडची माणसं येणार होती. बाहेरच्या खोलीत तुझं कपाट. बाबा नाहीत, आई आधीच धास्तावलेली, आणि पाहुणे बसणार त्या खुर्चीच्या बरोबर समोर तू दर्शनी मांडलेल्या त्या अर्ध्या कपड्यातल्या बायका पिस्तुलं घेऊन ओळीने उभ्या. तुला सांगितलं असतं तर तू पुस्तकं हलवली नसतीस, उलट मला आखणीवर व्याख्यान दिलं असतंस. तू अजिंठ्याला गेलास आणि मी दोन रिक्षा करून सगळी पुस्तकं दुकानात नेली. पानं सुटत होती हेही खरं, पण पानांसाठी मी एवढी धावपळ केली नसती. मला ते कपाट सभ्य दिसायला हवं होतं.

काका म्हणाले, "ताई, कव्हरं काढायचं जिवावर येतंय. पोराने जीव लावलाय यांना. बांधणीत वर राहणार नाहीत, पण आतल्या पानावर चिकटवून देतो, जातात कुठे?" त्यांनी एक चिकटवूनही दाखवलं. मी म्हटलं, "नको, पाहुण्यांनी सहज उघडून बघितलं तर आत पण बाईच. बंबात घाला." त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी तू परत आलास. कपाटात एकसारखी मरून रंगाची एकशे त्रेचाळीस पुस्तकं. तू माझ्याकडे बघितलंस आणि माझ्या तोंडून निघालं, "बाईंडरने घोळ घातला रे." ठरवून नाही म्हटलं. पण निघालं ते निघालं. तू तसाच दुकानात गेलास. मी मागून आले. वाचनालयाचे सेक्रेटरी तिथे उभे होते, दोन गिऱ्हाइकं होती, दहा वर्षांची संपदा खळीचं भांडं ढवळत होती. तू काकांना काय काय बोललास ते तुला आठवत असेल. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी खळीकडे बघत राहिले. ते काही बोलले नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी माझा कार्यक्रम आहे हे त्यांना माहीत होतं. पुढच्या महिन्यात वाचनालयाने त्यांचं काम काढून घेतलं.

तरी माणूस लग्नाला आला. पंगतीत जेवला. कोरी वही बांधून आणली होती माझ्यासाठी, कापडी पाठीची. माझ्या सगळ्या पाककृती त्या वहीत आहेत.

हे मी तुला लिहिलंय. अनुष्काला कसं सांगायचं ते मला कळत नाही. धाकट्यांपुढे मान खाली घालायची आपल्याकडे कुणी शिकवत नाही, आणि मला तर ते मुळीच येत नाही.

ताई


बाड हॉम्बुर्ग, २७ एप्रिल

दीना,

सांगितलं.

एस-बानमध्ये सांगितलं, फ्रँकफर्टला जाताना. घरी सांगितलं असतं तर मी मधेच भांडी घासायला उठले असते. गाडीत कुठे जाणार? आजूबाजूला कुणाला मराठी येत नाही, एवढीच हिंमत माझी.

ती ऐकत होती. मधे एकदा "आई, हळू बोल" म्हणाली, कारण मी भलतीच घाई करत होते. सगळं झाल्यावर जर्मनमध्ये म्हणाली, "मी हे प्रोफेसरना हसत सांगितलं. सगळा वर्ग हसला." आणि मग मराठीत, तिच्या त्या वेड्यावाकड्या मराठीत, "तो माणूस वाचवायला बघत होता. आणि मी त्याला मूर्ख लिहिला."

मी म्हटलं, "काढून टाक तो परिच्छेद. संपला विषय."

तेव्हा मात्र ती चिडली. "आल्झो आई, पुन्हा काढून टाकायचं? तुला एवढंच येतं का?"

मला रडू आलं, समोरच्या आजोबांनी कागदी रुमाल पुढे केला. ती थोड्या वेळाने म्हणाली, परिच्छेद काढणार नाही, बदलणार आहे. कव्हरं का काढली ते लिहिणार. लग्नासाठी मुलगी बघायला येतात हे इथल्या लोकांना समजावून सांगणार, पाहुण्यांसमोर घर कसं दिसावं लागतं तेही. "पण सांगणाऱ्याचं नाव लागेल. तुझं घालू?" मी विचारलं, "आडनावासकट?" म्हणाली, "या", म्हणजे जर्मनमधलं हो.

मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली.

देवदत्तना रात्री जेवताना सांगितलं. छत्तीस वर्षांपूर्वी त्या खुर्चीत बसून त्यांच्या वडिलांनी तुझ्या कपाटातल्या एकसारख्या मरून पुस्तकांकडे बघून "घरात वकिली आहे का?" असं विचारलं होतं, ते मला अजून ऐकू येतं. देवदत्तनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मी हॉस्टेलवर त्याच हिरव्या रहस्यकथा वाचायचो. त्या दिवशी तुझ्याशी काय बोलावं सुचत नव्हतं. त्या दिसल्या असत्या तर निदान एक विषय तरी मिळाला असता." आणि वाढून घेतलं. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

तू काही लिहू नकोस असं मी म्हणत नाही. पण लिहायलाच हवं असंही नाही. माझ्यापुरतं हे एवढं बरोबर झालं.

ताई


बाड हॉम्बुर्ग, १३ जुलै

दीना,

काल प्रदर्शन उघडलं. तुझी भाची अव्वल आहे, हे मी आई म्हणून नाही, तुझ्याकडून शिकलेली म्हणून सांगते. एका लांब भिंतीवर नव्वद वर्षं ओळीने लावली आहेत. सुरुवातीचे पट्टे इतके शांत दिसतात की माणसं तिथे आपोआप हळू बोलतात. पुढे रंग वाढत जातात, साठच्या दशकातल्या हिरव्या रांगेपाशी मी बराच वेळ उभी होते. त्या आखणीत एक रेघही इकडची तिकडे करता येणार नाही, हे तू ओरडून सांगायचास ते मला काल पहिल्यांदा दिसलं. शेवटी फोनच्या आकाराच्या काचेत आजची कव्हरं, ती मात्र मला चष्मा लावूनही झेपली नाहीत. तू मराठी पुस्तकांसाठी केलेली चौदा कव्हरं मधल्या टेबलावर आहेत. तू ती तिला पाठवलीस हे मला तिथे गेल्यावर कळलं.

दाराजवळचा मजकूर जर्मनमध्ये, इंग्लिशमध्ये आणि मराठीत आहे. त्यात लिहिलंय की बाईंडर नागेश यांनी मुखपृष्ठं आत चिकटवून वाचवायची तयारी दाखवली होती, ती नाकारून ती जाळायला सांगितली चारुलता यांनी, आणि दोष बाईंडरवर टाकला. पूर्ण नाव आहे.

फ्रँकफर्टच्या मराठी मंडळातली मंडळी आली होती. मी बोलावलं नव्हतं, देवदत्तनी कौतुकाने बोलावलं. नीताला तू ओळखत नाहीस, मंडळाची गेली वीस वर्षांची गणपतीची वर्गणी आणि सगळ्यांच्या घरातल्या बातम्या तिच्याकडे असतात. तिने मराठी मजकूर सावकाश वाचला. मग माझ्याकडे वळली. पाच-सहा जणी मागे होत्या. नीता तशी चांगली आहे, तिने मला वाट काढून दिली. हसून म्हणाली, "अगं चारुलता, तुझ्याच नावाची दुसरी कुणी असेल ना ही?"

हो म्हटलं असतं तर खपलं असतं, दीना. सगळ्या मनातून समजल्या असत्या आणि वर हसल्या असत्या. जीभ वळलीही होती.

म्हटलं, "नाही. मीच."

नीताने माझा हात धरला आणि सोडला. मग मी त्या सगळ्यांना नागेशकाका कसे होते ते सांगितलं, उभ्याउभ्या, बराच वेळ. अनुष्का लांबून बघत होती.

आता तुझ्याशी बोलायचं राहिलंय. तुझी मी माफी मागते. तुझी कव्हरं मी जाळली आणि ज्याने ती जपायला बघितली त्या माणसावर तुला ओरडायला लावलं. दुसरं मला जास्त लागतं. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या माथी मी ते मारलं आणि पंचवीस वर्षांनी तू स्वतः विचारलंस तेव्हाही ते काढून घेतलं नाही.

मी ऑगस्टच्या नऊ तारखेला पुण्यात पोचतेय. एकटीच. सामान हॉटेलवर टाकून आधी संपदाच्या दुकानात जाणार आहे. अनुष्काने शोधून काढलं, ती अजून तिथेच असते, बांधणीबरोबर आता झेरॉक्सही करते. दुपारी जाणार नाही, दुकान रिकामं असतं तेव्हा. संध्याकाळी सहाला जाणार, गिऱ्हाइकं उभी असताना, कारण काकांना तू बोललास तेव्हाही गिऱ्हाइकं उभी होती.

तिथून तुझ्याकडे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे मला ठाऊक आहे. माझे गुडघे तू गेल्या अकरा वर्षांत बघितलेले नाहीत. एकेक पायरी करत चढेन, मधे बसेन. बराच वेळ लागेल. दार उघडायचं की नाही ते तू तेवढ्यात ठरव.

तुझी ताई